ओंडक्यांवर धावणाऱ्याला हाक मारू नये

प्रिय दादा,

तुझा पत्ता तुझ्या दुकानाशेजारच्या पॉलिशवाल्याकडून काढला. त्याच्यावर चिडू नकोस. तुला दिलेला शब्द बिचाऱ्याने बराच वेळ पाळला, मूग गिळून बसला होता. शेवटी मी त्याच्या दुकानात स्टुलावर ठाण मांडलं आणि सांगितलं, पत्ता मिळेपर्यंत इथून हलणार नाही. टर्पेंटाइनच्या वासाने डोकं चढलं, दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून परत गेली, तेव्हा कुठे त्याने कागद पुढे ओढला. ठकी एकदा बसली की खुर्चीसकट उचलावी लागते, असं तूच म्हणायचास ना, मग आता तक्रार करू नकोस.

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कोणाचं ते तुला कळलं असेल. कदाचित तू ते न उघडताच ठेवून देशील. तसं केलंस तर मला कळायचं नाही, म्हणून तू उघडलंस असं धरूनच लिहिते. मुंगळा गेला त्याला आता वर्ष होत आलं. त्यानंतर महिन्याभरात तू धार लावायच्या दुकानाला कुलूप लावलंस, फोन बंद केलास आणि निघून गेलास. माझा मुलगा आणि माझा भाऊ एकापाठोपाठ गेले. एक येऊ शकत नाही. दुसरा येऊ शकतो आणि येत नाही. मला तू परत यायला हवा आहेस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बया एवढं लांबण कशाला लावते आहे, असं पुढचं वाचताना वाटायला नको.

घरचं सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत, जीभही तशीच आहे. तू कामासाठी बाहेरगावी गेला आहेस, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, जो जन्मात कामासाठी गल्लीबाहेर गेला नाही तो आता बाहेरगावी जातोय होय, मला शिकवू नकोस. तेव्हापासून तिने तुझं नाव काढलं नाही, पण जेवताना एक पोळी जास्तीची करायला लावते आणि दुसऱ्या दिवशी शिळी स्वतः खाते. हे अजून बस चालवतात. पूर्वी कामावरून आले की प्रवाशांच्या नकला करायचे, आठवतं? ती छत्री विसरणारी बाई, तो सुट्ट्या पैशांवरून भांडणारा मास्तर. आता येतात, हातपाय धुतात, जेवतात आणि स्वतःचं ताट स्वतः घासतात. मी म्हटलं, ठेवा ते, मी घासते. तर म्हणाले, काहीतरी करू दे गं मला.

माझं पाळणाघर चालू आहे. आता तिथे इतके नियम आले आहेत की तू बघितलंस तर पोट धरून हसशील. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला आहे. जमिनीवर रबराच्या चटया आहेत. घसरगुंडी माझ्या कमरेइतकी उंच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बायका उभ्या. एखाद्या पोराला ओरखडा गेला तर फॉर्म भरायचा. कुठे लागलं, कसं लागलं, कोण जवळ होतं, बर्फ लावला का. मागे एका मुलीचं कोपर नुसतं खरचटलं, तर तिच्या वडिलांचे दुपारभर फोन. त्यांना समजावता समजावता माझ्या मनात येत होतं, आपल्या वेळी असे फॉर्म असते तर आईला ते भरायला पगारी कारकून ठेवावा लागला असता.

काय काय लिहिलं असतं रे त्याने? लाकडाच्या मिलमधला, करवतीच्या शेडमागचा तो भुशाचा डोंगर. शेडच्या पत्र्यावर चढायचं, कडेपर्यंत धावायचं आणि खाली झोकून द्यायचं. नाकात भुसा, कानात भुसा, चड्डीत भुसा. आई शेजारणींना सांगायची, लोक पोरांना आंघोळ घालतात, मी माझी चाळून घेते. जुना भुसा आतून तापतो, हे मिलमधल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, आपल्या दोघांना सोडून. तू कमरेपर्यंत रुतलास. आधी हसत होतास, मग हसता हसता तुझं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, वेडावतो आहेस. मी काखेत हात घालून तुला उपसलं तेव्हा तुझ्या पोटऱ्यांची सालटं निघाली होती. आईला कळू नये म्हणून भर उन्हाळ्यात तू बाबांची लांब पँट दुमडून घालत होतास, आणि कोणी विचारलं तर सांगायचास, आता मी मोठा झालो. बाबा दिवसभर करवतीच्या पात्यांना धार लावायचे, त्यांना वाटलं, पोरगा आपल्यासारखा व्हायला निघाला. त्यांनी पँटला दोरी घालून दिली.

आणि ती ओंडके वाहायची ट्रॉली. उताराचे रूळ, ट्रॉलीला ब्रेक नाही, तुझी चप्पल हाच ब्रेक. दुपारची सुट्टी झाली आणि कामगार डबे उघडून बसले की आपण ती वर ढकलत न्यायचो. त्या दिवशी तुझ्या चपलेचा पट्टा तुटला आणि आपण तसेच फळ्यांच्या थप्पीत घुसलो. माझा पुढचा दात फळीत राहिला. शब्दशः फळीत. तू तो पकडीने काढलास, फ्रॉकला पुसलास आणि मोठ्या डॉक्टरच्या थाटात म्हणालास, ठके, घाबरू नको, खिळ्याने परत बसवू. ओठ टर्पेंटाइनने धुतलास. अजून तो वास आला की माझा ओठ आपोआप आत जातो, पॉलिशवाल्याच्या दुकानातही गेला. घरी आईने आधी बदडलं आणि मग कुठे लागलंय ते पाहिलं. तिचा क्रम कायम तोच असायचा.

माझ्या लेकाला मुंगळा हे नाव तूच ठेवलंस. नुकता चालायला लागला होता तेव्हा तुझ्या पायाला चिकटला, तो सोडायलाच तयार नाही. तू तसाच एक पाय ओढत दुकानात गेलास. पुढे दर रविवारी हेच. सकाळी तुझ्याकडे पळायचा, संध्याकाळी तुम्ही दोघं एकदम जेवायला यायचात, आणि पानं वाढून होईपर्यंत तुझी गोष्ट सुरू झालेली असायची. भुशाची, ट्रॉलीची, तळ्याची. तो ऐकताना घास तोंडात तसाच ठेवायचा, चावायला विसरायचा. मी म्हणायचे, गिळ आधी. आणि लगेच तुझी चूक काढायचे, ट्रॉलीवर पुढे मी बसले होते, तू नाही. मीठमसाला तू एकट्याने लावला नाहीस, दादा. निम्मा मी लावला. हे तो गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायकांना कोणीतरी सांगायला हवं होतं. त्या म्हणत होत्या, माकडाच्या हाती कोलीत दिलं, मामानेच पोराचं डोकं फिरवलं. मी मान खाली घालून ऐकत होते. तू भिंतीशी उभा राहून ऐकत होतास. मी एका शब्दाने त्यांना अडवलं नाही, कारण तेव्हा मलाही तेच म्हणायचं होतं.

आता वाटतं, आपल्या गोष्टींतून दुखणं कधी गळून पडलं ते आपल्याला कळलंच नाही. सांगून सांगून त्यातलं फक्त हसणं उरलं. भुशाची गोष्ट सांगताना तू पँट वर करून पोटऱ्या कधी दाखवल्या नाहीस. माझा दात गेल्यावर मी कितीतरी दिवस तोंडावर हात धरून बोलत होते आणि शाळेत गाणं म्हणायला उभी राहिले नाही, हे मी मुंगळ्याला सांगितलं नाही. त्याने कधी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण आपण जिवंत समोर बसलेलो, धडधाकट, आमटी भुरकत. तो कशाला विचारेल?

तळ्याबद्दल लिहायचं टाळत होते. आता लिहिते.

ओंडके उन्हाने तडकू नयेत, त्यांना कीड लागू नये म्हणून मिलवाले ते पाण्यात टाकून ठेवायचे. आपल्या वेळी तळं इतकं गच्च भरलेलं असायचं की पाणी दिसायचं नाही. या काठावरून त्या काठावर धावत जायचं, हा मिलमधल्या पोरांचा सगळ्यांत मोठा पराक्रम. पाय टेकला की उचलायचा. तू मला शिकवताना म्हणाला होतास, ज्या ओंडक्यावर आहेस त्याच्याकडे बघू नको, पुढच्याकडे बघ. जो थांबला त्याच्या पायाखाली ओंडका फिरतो, आणि तो खाली गेला की वरचे दोन ओंडके दार लोटल्यासारखे मिटतात. म्हणून तिथे एक रीत होती. पोर ओंडक्यांवर असेल तर काठावरून कोणीही हाक मारायची नाही. आकडीवाले काका, जे लांब बांबूच्या आकडीने ओंडके इकडचे तिकडे ओढायचे, ते आपल्याला पाहिलं की तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. आकडी खांद्यावर घेऊन काठाकाठाने आपल्या बरोबरीने चालत राहायचे. पलीकडे पोचलो की मग कानाखाली अशी काढायचे की तळं, मिल, आकाश, सगळं गरगर फिरायचं. आयासुद्धा गप्प. आपली आई एकदा धुण्याची बादली घेऊन आली आणि मला मधोमध पाहिलं. बादली खाली ठेवली, दोन्ही हात छातीशी धरले आणि उभी राहिली. मी पोचेपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही. मला तेव्हा तिचा केवढा अभिमान वाटला होता. बाकीच्या आया रडतात, आमची आई बघ, असं मी मिरवत होते. नंतर तिने मला ओल्या धुण्याने मारलं, ते वेगळं.

मिल बंद पडली, बाबा गेले, आपण तिथून उठलो. मग कळलं की तळं बुजवून तिथे इमारती होणार. मुंगळ्याने हेका धरला, बुजवायच्या आधी मला ते बघायचंय. तू टाळत होतास, दुकानात काम आहे म्हणत होतास. मीच म्हटलं, जा रे घेऊन एकदा, नाहीतर हा माझं डोकं खाईल. कॉलेजात जाणारा घोडा, पण हट्ट कसा तर अगदी लहानपणीचा. निघताना त्याने मला विचारलं, आई, तू येतेस? मी म्हटलं, मला पाळणाघर आहे, तुमच्यासारखी रिकामटेकडी नाही मी.

पुढचं मला दुसऱ्यांच्या तोंडून कळलं, तुकड्यातुकड्यांनी, फाटकावरच्या चौकीदाराकडून, पोलिसांकडून, आणि थोडं तुझ्याकडून. तळ्यात मोजकेच ओंडके उरले होते, कोणी न नेलेले, वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झालेले. गोष्टीतलं तळं भरलेलं होतं आणि खरं तळं रिकामं होतं. पण मुंगळ्याला गोष्टीतलंच दिसलं असणार. तुला काही समजायच्या आत तो पहिल्या ओंडक्यावर होता. तो धावत सुटला. आणि पुढे कुठेतरी एक ओंडका कुजलेला आहे, हे तुला काठावरून दिसलं. तू हाक मारलीस. तो थांबला, वळून त्याने तुझ्याकडे पाहिलं.

चौकीदार म्हणाला, साहेबांनी बूटसुद्धा काढले नाहीत, तशीच उडी मारली. गाळ होता, वेली होत्या. तू त्याला बाहेर काढलंस. दवाखान्यात दोन दिवस यंत्र त्याच्या छातीत हवा भरत होतं. हे त्याचा पाय धरून बसले होते, कारण हाताला नळ्या होत्या. मग डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

पण मला त्याच्या आधीचं लिहायचं आहे. मी पाळणाघरातून धावत दवाखान्यात आले तेव्हा तू जिन्याजवळ उभा होतास, अंगावर ओले कपडे, केसांत चिखल. कोणी काही विचारायच्या आत तू म्हणालास, ठके, मी हाक मारली. आणि मी म्हणाले, तुला माहीत होतं ना, मग का मारलीस? एवढंच म्हणाले. ओरडले नाही, रडले नाही. पाळणाघरात फॉर्म भरताना विचारते तशा आवाजात विचारलं. त्यानंतर महिनाभर तू रोज घरी येत होतास, औषधं आणत होतास, आईला फिरवून आणत होतास, यांच्या शेजारी बसत होतास, पण माझ्याकडे तू बघितलं नाहीस. आणि मग एक दिवस आलाच नाहीस. तू का गेलास ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं म्हणून गेलास.

मी त्या प्रश्नाशी खूप झटापट केली, दादा. तू हाक मारली नसतीस तर तो न थांबता कुजक्या ओंडक्यावरूनही निसटला असता का? हलका होता, पाय चपळ होते. की त्या ओंडक्याने त्याला तसंही खाली नेलं असतं? भांडी घासताना मी त्याला पार पोचवते. कपडे वाळत घालताना तो पुन्हा बुडतो. याचा निकाल लागत नाही, आणि तो लागणार नाही हे कळूनही मन पुन्हा तिथेच जाऊन बसतं. तुझंही असंच होत असेल. तू तर एकटा आहेस, तुला भांडी घासायला सांगणारंही कोणी नाही.

मध्यंतरी पाळणाघरात एक झालं. एक तीन वर्षांची पोर, सगळ्यांची नजर चुकवून खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि बाहेर वाकून बघत होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. अशा वेळी काय करायचं ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? गप्प राहायचं, पावलं न वाजवता जवळ जायचं. आणि मी ओरडले. इतक्या जोरात की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी ठरवून ओरडले नाही. आवाज माझ्या आधी धावला. पोर दचकून मागच्या मागे आत पडली, चटईवर, आणि भोकाड पसरलं. काही झालं नाही. बाकीच्या बाया म्हणाल्या, बरं झालं ओरडलात. मी न्हाणीत जाऊन कडी लावली आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. तो गेल्यापासून मी तशी रडले नव्हते.

त्या संध्याकाळी आई आणि मी भाजी निवडत बसलो होतो. मी तिला तो सगळा प्रकार सांगितला आणि विचारलं, तू कशी गं राहायचीस काठावर गप्प? एवढा धीर कुठून आणायचीस? ती म्हणाली, कसला धीर? मी हाक मारायला तोंड उघडायची, आवाजच फुटायचा नाही. लुगड्यातच होतंय की काय असं व्हायचं. नंतर तुम्ही सगळी म्हणायला लागलात, काय धीराची बाई, मी म्हटलं, म्हणेनात का. मग देठ मोडता मोडता म्हणाली, त्याला कुठे असेल तिथे कळव, माझा आवाज फुटला असता तर तुम्ही दोघंही उरला नसतात, आणि लोकांनी मला नावं ठेवली असती. एवढं बोलून म्हणाली, मेथी जून आहे, कुठून आणलीस.

म्हणजे बघ, जिला आपण शहाणपण समजून जन्मभर मिरवलं ती नुसती भीती होती. तिची बसकी, माझी ओरडी. आणि आकडीवाल्या काकांचं म्हणशील, तर त्यांच्या हातात आकडी होती. एखादं पोर खाली गेलं तर ओंडका बाजूला ओढून त्याला उचलायची सोय त्यांच्या खांद्यावर होती, म्हणून त्यांना गप्प राहणं परवडत होतं. तुझ्या हातात काय होतं? काही नव्हतं. समोर पोर धावतंय, पुढे कुजका ओंडका, आणि तुझ्याजवळ फक्त तुझा आवाज. तो तू दिलास. का मारलीस याचं उत्तर इतकं साधं होतं, आणि ते मला तेव्हा दिसलं नाही, तुलाही देता आलं नाही. माझा तो प्रश्न मी परत घेते.

तुला माफ केलं, असं मात्र मी लिहिणार नाही. माफ करायचं तर आधी गुन्हा ठरवायला हवा, आणि तो मला ठरवता येत नाही. आणि खोटं कशाला बोलू, काही दिवस तुझा भयंकर राग येतो. तुझा तो कान तुटलेला कप फळीवरून काढते, आपटून फोडावासा वाटतो. मग तो धुते आणि परत ठेवते. राग आला तरी तू दारात उभा असावास असं वाटतं. समोर नसलेल्या माणसावर नीट रागावताही येत नाही, सगळं भिंतीला सांगावं लागतं. भांडायचं असलं तरी ये. आपण दोघं भांडण्यात कधी कमी पडलो आहोत?

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. पत्ता लिहून देताना पॉलिशवाला सहज म्हणाला, ताई, तुमच्या घरच्या कात्र्यांना धार दादा लावत नव्हता, मुंगळाच लावायचा. दादा नुसता शेजारी बसून चुका सांगायचा. आईला सांगू नका, बोट कापेल म्हणून ती माझं यायचं बंद करेल, असं मुंगळ्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. दादा, मला हे माहीत नव्हतं. मी ते घेऊन घरी आले, कोणीतरी मुठीत काहीतरी दिलं असावं तशी. हे ताट घासत होते. त्यांना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, ओल्या हातांनी तसेच वळले आणि म्हणाले, अजून काय म्हणाला? अजून काही म्हणाला का तो? वर्षभरात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि माझ्याजवळ पुढे सांगायला काही नव्हतं. आमच्याकडचा मुंगळा संपला आहे रे. मला जे आठवतं ते यांना पाठ आहे, यांना आठवतं ते मला पाठ आहे, तेच तेच एकमेकांना सांगून आता आम्ही बोलायचंच थांबलो. आम्हाला माहीत नसलेला, आम्ही अजून न ऐकलेला मुंगळा फक्त तुझ्याकडे आहे. एवढे सगळे रविवार तू कुलूप लावून बरोबर घेऊन गेलास. ते घेऊन ये. आणि ती सकाळही आण. तो पडला हे मला सगळ्यांनी सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, डॉक्टरांनी लिहून दिलं. त्याआधी तो धावला, ते मला कोणीच सांगितलं नाही. ते बघणारा तू एकटा आहेस. किती ओंडके ओलांडले त्याने? पाय कसे पडत होते? हसत होता का? माझा मुलगा कसा धावला, तेवढं मला सांगायला ये.

तुझीच,
ठकी